दोरीचा हिसका

तुमच्या घरी आजोबांची आठवण निघते ती बहुतेक वेळा मशीनवरून निघते, हे मला माहीत आहे. व्हिडिओ कॉलवर तुमचे बाबा विचारायचे, "काय, यंदा कुठलं मॉडेल?" आणि तुम्ही दोघं मागे हसायचात. पडवीत खुंट्यांना टांगलेल्या मशिनी मी फोन फिरवून तुम्हाला दाखवल्याही आहेत. झाडं कापायच्या दोन चेनसॉ आणि गवत कापायचे दोन ग्रासकटर. सगळ्या पेट्रोलवरच्या, सगळ्या दोरी ओढून सुरू करायच्या. आजोबांना नव्या मशीनचं वेड होतं, असं तुम्ही धरून चालला आहात. ते वेड नव्हतं. आता आजोबा नाहीत आणि बहुतेक मशिनीही पडवीतून गेल्या, तेव्हा काय होतं ते सरळ लिहिते.

निवृत्तीनंतर आम्ही महाडचं बिऱ्हाड आवरून कापडे गावाच्या अलीकडे, उतारावर, हे घर बांधलं. घराभोवती आंब्याची कलमं, मागे थोडे काजू, आणि त्याच्यावर सगळा गवताचा डोंगर. पावसात गवत कमरेएवढं होतं. दिवाळीनंतर ते वाळायला लागतं आणि थंडी सरता सरता कुठून तरी वणवा येतो. कोण लावतं ते कधीच कळत नाही. म्हणून कलमांच्या वरच्या अंगाला गवत कापून रुंद मोकळा पट्टा ठेवावा लागतो, म्हणजे आग तिथेच थांबते. पूर्वी या कामाला माणसं मिळत. आता गावातले धडधाकट हात मुंबईला आहेत आणि उरलेले आमच्या वयाचे. पट्ट्याचं काम आजोबांनी स्वतःकडे घेतलं होतं. कचेरीत आयुष्य गेलेल्या माणसाला आपल्या हाताने राखलेल्या बागेचा अभिमान वाटत होता, आणि तो ते लपवत नसत.

पट्ट्यातली झुडपं तोडायला घेतलेली पहिली चेनसॉ खरोखरच हट्टी होती. आजोबा ओढून ओढून घामाघूम व्हायचे. शेवटी ती गाडीत घालून आम्ही महाडच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने ती जमिनीवर ठेवली, मागच्या मुठीत बुटाचं टोक रोवलं आणि म्हणाला, "काका, पयली हळू ओढायची. आत पकडली असं वाटलं का मग हिसका. हिला लाडीगोडी नाय चालत."

ते वाक्य आजोबांना फार आवडलं. पुढचा सगळा हंगाम अंगणातून आधी मशीनचा आवाज यायचा, मग त्यांचा. "दाखवला की नाही हिसका!" मी स्वयंपाकघरातून म्हणायची, "दाखवलात. आता चहा घ्यायला या."

पुढच्या वर्षी ती सुरू होईना. त्यांनी प्लग बदलला, कार्बोरेटर उघडून वर्तमानपत्रावर मांडला, पेट्रोल आणि ऑइलचं मिश्रण नव्याने केलं. मशीन गप्प. महाडला नेली, तर दुरुस्तीवाल्याने ओढताच सुरू झाली.

"काका, हिला तुमचं तोंड आवडत नाय वाटतं," तो म्हणाला.

आजोबा मोठ्याने हसले. घरी आणली, तर पुन्हा तेच. मग त्यांनी दुसरी चेनसॉ घेतली. ती थोडे महिने चालली. मग ग्रासकटर घेतला, तोही रुसला. दर वेळी कारण वेगळं असायचं. हवा दमट आहे, पेट्रोलात भेसळ आहे, माल चायनाचा आहे. यातलं प्रत्येक कारण कधी ना कधी खरं असतं, म्हणून मलाही पटायचं.

त्याच काळात ते शर्टाची बटणं डाव्या हाताने लावू लागले. कुलपात किल्ली फिरवायची वेळ आली की माझ्याकडे देत आणि स्वतः उगाच चप्पल शोधत बसत. एकदा ते पेपर वाचत असताना माझी नजर त्यांच्या उजव्या हातावर गेली. अंगठा आणि पहिलं बोट यांच्यामधला गुबगुबीत भाग बसला होता, तिथे खळगा पडला होता.

"अहो, हात एकदा डॉक्टरांना दाखवू या."

"हाताला काय धाड भरलीय? आधी तो ग्रासकटर दाखवून आणू."

त्या थंडीत एका दुपारी ते झोपले होते. मी ग्रासकटर खुंटीवरून काढला आणि अंगणात आडवा ठेवला. मला गवत कापायचं नव्हतं. मला फक्त बघायचं होतं. चोक लावला, दोरी हळू ओढली, आत काहीतरी पकडल्यासारखं लागलं, आणि मी हिसका दिला. काही झालं नाही. दुसऱ्या हिसक्याला मशीन धडधडत सुरू झाली. मी इतकी घाबरले की बंद करायचं बटणच सापडेना. सापडलं तेव्हा आजोबा दारात उभे होते.

"कोणी सुरू केली?"

"मी."

ते माझ्याकडे बघत नव्हते, मशीनकडे बघत होते. "सकाळी मी इतकी ओढाओढ केली होती ना. तेव्हाची तापलेली असेल."

मशीन थंडगार होती. मी म्हणाले, "असेल."

ते पायरीवर बसले. म्हणाले, "उद्या महाडला जाऊ. एक हलकी आलीय म्हणे." आम्ही गेलो. तो दुसरा ग्रासकटर. दुकानात मी त्याच्या रंगाचंही कौतुक केलं.

तोही अंगणात गप्पच राहिला. त्या वर्षी पट्टा अर्धाच झाला. मी माणसं बोलवू का विचारलं की ते चिडायचे, "मी मेलोय का?" आणि वणवा आला. भर दुपारी, वाऱ्यावर. शेजारची माणसं धावून आली. आम्ही सगळ्यांनी ओल्या डहाळ्यांनी आग झोडपली. घर वाचलं. वरच्या ओळीतली कलमं गेली. त्यांना पहिला मोहोर आला होता.

शेजारीण, माझ्याच वयाची, पदराने तोंडावरची काजळी पुसत म्हणाली, "बाई, यंदा पट्टा का नाय मारला?"

माझ्याआधी आजोबाच बोलले. "मशीनने घात केला."

"मशीन नाय तं इळा हाय ना, काका! नायतर हाक मारायची. आमी काय मेलो व्हतो?" ती तोंडाची तिखट, अजून बोलली असती. पण तिचं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. डहाळी त्यांच्या डाव्या हातात होती. उजवा हात नुसता लोंबत होता. ती आवाज उतरवून मला म्हणाली, "घरात जा घेऊन त्यांना. पाणी पाजा."

त्यानंतर ते मुंबईला यायला तयार झाले. डॉक्टरांनी पुष्कळ तपासण्या केल्या, पण मला एकच आठवते. त्यांनी आजोबांना साधा कागद उजव्या चिमटीत धरायला सांगितला आणि दुसऱ्या टोकाने ओढला. हिसका द्यावाच लागला नाही. कागद आपोआप सुटून आला. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्या होत्या. औषध नव्हतं. हात, मग पाय, मग जीभ आणि गिळणं, आणि शेवटी श्वास, असा क्रम डॉक्टरांनी शांतपणे सांगितला. तो पुढे तसाच आला.

परतताना आम्ही माणगावपर्यंत आलो. तिथे ते म्हणाले, "म्हणजे मशिनी चांगल्या होत्या."

मी पाण्याची बाटली उघडून त्यांच्या डाव्या हातात दिली.

"मुलांना आजाराचं सांग. मशिनींचं सांगू नकोस."

आजोबा होते तोवर मी ते पाळलं. पण तुम्ही अजूनही हसता, आणि तुमच्या हसण्यातला तो हौशी, उधळ्या म्हातारा माझ्या ओळखीचा नाही. माझ्या ओळखीचा माणूस रोज सकाळी अंगणात जाऊन दोरी ओढून बघत होता.

पुढच्या थंडीत मी बॅटरीवर चालणारा ग्रासकटर आणला. त्याला दोरी नसते, बटण असतं. आजोबांनी त्याचं नाव मिक्सर ठेवलं. त्यांना हात लावायला सांगितलं तर म्हणाले, "तुझ्या स्वयंपाकघरातली वस्तू, तूच चालव." पण खुर्ची मात्र त्यांनी अंगणात टाकायला लावली.

"खाली धर. अगं, खाली! कोथिंबीर चिरतेयस का?"

त्यांचे शब्द तेव्हा जड व्हायला लागले होते. पट्टा वरच्या टोकाला पोचेपर्यंत ते हनुवटीनेच डावं-उजवं दाखवत होते. त्या वर्षी वणवा पट्ट्यापाशी येऊन विझला. तो त्यांनी खिडकीतून पाहिला. मी विचारलं, "कसा झालाय पट्टा?" त्यांनी उत्तर द्यायचा प्रयत्न केला. मला कळलं नाही. पुन्हा विचारायचा मला धीर झाला नाही. त्या पावसाळ्यात ते गेले.

दुरुस्तीवाला मशिनी न्यायला आला ते नवरात्र उलटल्यावर. घेण्याआधी त्याला त्या चालवून बघायच्या होत्या. त्याने एकेक अंगणात काढली, जुनं पेट्रोल ओतून नवं भरलं. हलका ग्रासकटर एका हिसक्याला सुरू झाला. आधीचाही झाला. दुसरी चेनसॉसुद्धा झाली. मी पडवीच्या खांबाला धरून उभी होते. अंगणभर धूर झाला.

"बाई, या तर टकाटक हायेत. काकांनी बदलल्या कशाला?"

"हौस होती त्यांना."

"हौस तर हौस!" तो हसला आणि सगळ्यात जुन्या चेनसॉकडे वळला. हळू ओढली, मग हिसका दिला. पुन्हा दिला. प्लग काढला, पुसला, लावला. शर्टाच्या बाह्या वर केल्या. त्याचा दंड तुमच्या बाबांच्या मांडीएवढा आहे. ओढता ओढता त्याला धाप लागली, तरी मशीन हूं की चूं करेना.

"ही नाय होत," तो कमरेवर हात ठेवून म्हणाला. "ही कोनालाच नाय व्हायची. भंगारात घालतो."

"नको," मी म्हणाले. "ती राहू दे."

"हिचं काय करणार, बाई?"

मी ती त्याच्या हातातून घेतली आणि तिच्या खुंटीवर टांगली.