फळ्यापासून बाजूला

बी.एड.चा अभ्यासक्रम बदलायला आम्ही काही प्राध्यापक बसलो होतो. "आता वर्गावर्गात डिजिटल पडदे आलेत, फळ्यावर लिहिण्याचा सराव काढून टाकू," जोशीबाई म्हणाल्या. कुणी हरकत घेतली नाही. मग नवे विषय मांडायला त्यांनीच खडू उचलला. आमच्याकडे पाठ होऊ नये म्हणून फळ्याशी तिरप्या उभ्या राहिल्या आणि लिहून होताच, सगळ्यांना दिसावं म्हणून बाजूला झाल्या.

शिकवणं अंगात मुरतं ते असं. आपलं सांगून झालं की मधून सरकायचं, हे कुठला पडदा शिकवणार?

"बाई, हे बाजूला होणं कुठल्या विषयात घालायचं?" मी विचारलं.

त्यांनी आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग खळखळून हसल्या. नव्या विषयांच्या खाली त्यांनी लिहिलं, 'फळ्यावरचा सराव'. आणि पुन्हा बाजूला झाल्या.