शिडीपाशी बसणारे मेश्रामकाका

बालाघाटात आमच्या भागात कुणाच्या छतावर सोलर बसायला लागलं, की मेश्रामकाका घरून प्लास्टिकची खुर्ची आणून शिडीच्या पायथ्याशी बसत. त्यांना कुणी बोलावलेलं नसे. आम्ही फिटिंगवाले वर लोखंडी स्टँड कसत असू आणि खालून प्रश्न येई, "अर्थिंगचा खड्डा खोदला का बाप्पा?"

पहिल्यांदा मला रागच आला. घर दुसऱ्याचं, काम माझं, मग हे मध्ये कोण? मी खाली उतरून तसं विचारलंही. ते खुर्ची शिडीच्या आणखी जवळ ओढून बसले. शेवटी घरमालकाने मला बाजूला घेऊन सांगितलं, बसू दे त्यांना. त्यांची बायको शॉक लागून गेली, सोलरपाशीच.

पुढे ओळख वाढली तसं एकेक कळत गेलं. काका उकव्याच्या खाणीत टाइमकीपर होते, खाली उतरणाऱ्यांची हजेरी घेत. निवृत्तीनंतर त्यांनी इथे घर बांधलं. उन्हाळ्यात कूलर लावताना हात आखडायला नको, म्हणून सोलरची हौस शांताकाकूंची. फिटिंगवाल्यांनी अर्थिंगसाठी अंगणातली जी जागा दाखवली, तिथे नेमका काकूंचा मोगरा होता. काकूंचा चेहरा उतरला. ते पाहून काका म्हणाले, राहू द्या, पावसाळा झाल्यावर पाहू. त्या माणसांनाही काम आटोपायचंच होतं. त्यांनी मान डोलावली, लाइन जोडून दिली आणि गेले.

भादव्यातल्या एका उघडिपीत काकू धुतलेले कपडे घेऊन वर गेल्या. स्टँडच्या कडेला घासून वायर सोलली होती आणि अर्थिंग नसल्याने सगळं लोखंड वीज धरून बसलं होतं. दोरी बांधायला काकूंनी ओल्या हाताने स्टँडचा पाय धरला. काका खाली चहा गाळत होते. चहा झाला म्हणून त्यांनी हाक मारली, ती दोनदा मारली, आणि मग ते वर गेले.

"उकव्याले टोपीबिगर एकाही मानसाले खाली उतरू देल्लं नाही म्या," ते एकदा मला म्हणाले. "अन् घरी म्हनलं, पाहू मंग."

मुलीने आग्रह धरल्यावर त्यांनी फिटिंगवाल्यांविरुद्ध तक्रार केली. चौकशीला आलेल्या माणसाने विचारलं, अर्थिंगला नको कोण म्हणालं? काकांनी खरं ते सांगितलं. त्यानंतर त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही, आणि ते फिटिंगवालेही गाव बदलून कुठेतरी काम करत राहिले.

माझ्याशी बोलताना मात्र ते त्यांना शिव्या देत नसत. एवढंच म्हणत, "लोकं नाही म्हनतीन. फरशी फुटते म्हनतीन, झाड जाते म्हनतीन. तू हौ म्हनू नको. त्याइले काय मालूम? मले तरी काय मालूम होतं?" वारासिवनीच्या एका घरी मी खरंच हौ म्हटलं नाही. त्या माणसाने दुसऱ्याकडून काम करून घेतलं. काकांना हे सांगितलं, तर त्यांनी विचारलं, त्या दुसऱ्याने तरी खड्डा घेतला का? मला माहीत नव्हतं.

मागच्या थंडीत मेश्रामकाका नागपूरला, मुलीच्या घरी वारले. तिकडे राहायला जाण्याआधी त्यांनी मला बोलावलं होतं. घर भाड्याने द्यायचं होतं. काकू गेल्यापासून सोलर बंदच होतं. मी विचारलं, काढून टाकू का? ते म्हणाले, "काढू नको. लेकराबाळाचे लोकं येतीन राहाले. बराबर करून दे."

अंगणात दुसरी जागा नव्हती. मोगरा त्यांनी स्वतःच उकरला, मुळांची माती न झटकता, आणि कुंपणापाशी नेऊन लावला. मी खड्डा घेतला, रॉड पुरला, त्याची पट्टी वर स्टँडपर्यंत नेली, सोललेली वायर बदलली, मीटर लावून पाहिलं. जेवणाच्या वेळेआधी सगळं झालं.

मग मी त्यांना वर बोलावलं. काकूंना खाली आणल्यानंतर ते त्या छतावर पुन्हा चढले नव्हते. कठडा धरत हळूहळू आले, स्टँडजवळ वाकले आणि त्यांनी लोखंडी पायावर हात ठेवला. हात बराच वेळ तिथेच होता.

"एवढंच काम होतं का गा?" त्यांनी विचारलं.

मी हौ म्हणालो.