वरच्या खोलीतली पाहुणी

अख्खी गल्ली जिला मामी म्हणते, तिने बावीस वर्षं वरच्या मजल्यावरची समुद्राकडची खोली पाहुण्यांना भाड्याने दिली आणि त्या खोलीत एकदाही पाठ टेकली नाही. कोळ्यांचं हे गाव तीनशे वर्षांचं, दगडी धक्क्यावर गंजकी तोफ, म्हणून सुट्टीत लोकांची रीघ लागते. मामी चादरी बदलते, तोफेची गोष्ट मीठमसाला लावून सांगते आणि उरलेल्या वेळात दारात बसून फाटकी जाळी सांधते. आपणही एकदा पाहुणी व्हावं, कुणीतरी आयता चहा द्यावा, एवढीच तिची हौस. पण सुट्टी लागली की हिला मान वर करायला फुरसत नाही.

त्या मंगळवारी नवरा म्हणाला, "वरचे पाहुणे रद्द झाले. तूच राहा जा." जन्मभर होडी हाकलेला माणूस, गुडघे गेले, मिजास नाही गेली.

"वेड लागलंय का तुम्हाला?"

"पैज लाव. दिवस मावळेपर्यंत एकाही कामाला हात लावला नाहीस, तर दरवर्षी आठ दिवस ती खोली तुझी. पण तुला नाही जमायचं."

ते 'नाही जमायचं' मामीला चांगलंच झोंबलं. तिने पिशवी भरली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि पुढच्या दाराची कडी वाजवली. नवऱ्याने अदबीने दार उघडलं. "या, या! प्रवास कसा झाला?"

दहापर्यंत बरं चाललं. चहा पांचट होता, पण आयता होता. खिडकीच्या काचेवर डाग दिसला, तेव्हा मामीने दोन्ही हात काखेत दाबून धरले.

मग खाली धक्क्यावर तिच्या दिराने जाळं पसरलं. मधोमध टोपली जाईल एवढं भोक, आणि हा पठ्ठ्या ते गोणपाटासारखं ओढून शिवत होता! भरतीला होडी निघणार होती. मामीचे हात शिवशिवले. ती जिन्यापर्यंत गेली. पायरीवर नवरा मिशीत हसत बसलेला.

"निघालात, पाहुणीबाई?"

मामी तडक मागे फिरली आणि खिडकीतून ओरडली, "अहो भावोजी, जाळं आहे ते, गोणपाट नाही! आधी कडा साफ कापा! वरच्या कोपऱ्यातून सुरुवात करा, एकेक घर मोजून विणा!"

"हरलीस गं!" जिन्यातून आवाज आला.

"हात लावायचा नाही असं ठरलंय. तोंडाचं काही ठरलं नव्हतं!"

अख्खा धक्का हसला. तोफ बघायला आलेले लोक तोफ सोडून मामीलाच बघत उभे राहिले. तासाभरात जाळं सांधलं गेलं, होडी वेळेवर निघाली आणि मामीचा घसा बसला. इतकं मजेत ती कित्येक वर्षांत ओरडली नव्हती.

संध्याकाळी तिने नवऱ्याच्या ताब्यातली पाहुण्यांची वही मागवून घेतली आणि झोकात अभिप्राय लिहिला: 'खोली छान. चहा पांचट. मालकीणबाई फार बोलतात असं ऐकलं होतं, त्या भेटल्या नाहीत.' मग तिची नजर वरच्या नोंदींवर गेली. रद्द झालेलं नाव कुठेच नव्हतं. या मंगळवारपासूनचे आठ दिवस जानेवारीतच धरून ठेवलेले, आणि पाहुण्याच्या नावापुढे नवऱ्याच्या वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलेलं: 'आमची ही'.

मामीचे डोळे भरून आले.

"अहो, ते रद्द झालेले पाहुणे कोण होते हो?"

खालून कपबशांचा आवाज आला. "या खेपेला पत्ती जास्त टाकलीये," तो म्हणाला. "आणतो वर."

गुडघे धरत तो एकेक पायरी चढू लागला. दिवस मावळायला अजून अवकाश होता, म्हणून मामी उठली नाही.