वल्हं थांबतं ती जागा

हिवाळ्यात पक्षी बघायला मी खडकपूर्णाच्या धरणावर जातो. तिथला एक मासेमार मला होडीतून फिरवतो. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. वय पन्नाशीचं, कानाला घट्ट मफलर, तोंडात सुपारी. जाळ्यात पाणकावळा अडकला की त्याला शिव्या घालत घालत सोडवतो. मी पाण्यात बोटं बुडवून बसलेला असतो.

एका ठिकाणी मात्र तो वल्हं पाण्याबाहेर काढतो, मांडीवर आडवं ठेवतो आणि होडी कडेकडेने वाहू देतो. मला वाटायचं, दमला असेल.

यंदा नेमके तिथेच राजहंस उतरले होते. पाणी दिसेना, इतके. मी म्हणालो, "जरा आत घ्या ना होडी, फोटो काढायचाय."

"नाही जमत, भाऊ."

"का नाही? एवढ्या लांबून काय नुसतं पाणी बघायला येतो का मी?"

त्याने सुपारी गालात सारली. मग म्हणाला, "खाली आमच्या गावचं कब्रस्तान हाय. धरणात गेलं. अब्बा तिथंच हायेत माहे. आमच्यातलं कोणी तिथं जाळं टाकत नाही, वल्हं मारत नाही. पाखरायले बरोबर समजलं ते. म्हणून तर बसतात बिनघोर."

फोटो राहिलाच.

परतताना पुन्हा ती जागा आली. त्याने वल्हं मांडीवर घेतलं. मी गार पाण्यातली बोटं हळूच बाहेर काढली.