सुभेदारांचा किटो, काकूंचा दम

काकू धापा टाकत होत्या. सकाळपासून उलट्या, पोटात कळा. त्यांना माझ्या आष्ट्याच्या दवाखान्यात आणणारे त्यांचे यजमान, फौजेतले निवृत्त सुभेदार, मात्र निर्धास्त होते.

"मॅडम, शुगर घरीच तपासलीया. लय झकास हाय. पित्त झालं असंल."

मीही तपासली. खरंच बरी होती. मग हा दम कशाचा?

"जेवण काय चाललंय?"

"किटो!" सुभेदारांची छाती फुगली. "भाकरी, भात, साखर समदं बंद. अंडी, पनीर, मटण. बघा की, ढेरी गेली माजी."

किटोत शरीर साखरेऐवजी चरबी जाळतं. त्यातून कीटोन नावाची आम्लं तयार होतात. सुभेदारांना ते मानवलं होतं. पण हा माणूस घरातही पलटण चालवायचा. एकाचं पथ्य ते सगळ्यांचं पथ्य. लेकाचं पोट साफ होईना, तेव्हा तो स्टँडवर गुपचूप वडापाव खाऊन सुटला. काकू सुटल्या नाहीत.

"आणि काकूंच्या शुगरच्या गोळ्या?"

"चालू हायत. त्यात हयगय न्हाई."

त्यांनी पाकीट दाखवलं. नाव वाचून माझं धाबं दणाणलं. ही गोळी साखर लघवीवाटे बाहेर टाकते. वर भाकरी-भातही बंद असला, तर काहींच्या रक्तात कीटोन बेसुमार वाढतात, आणि मीटरवर शुगर मात्र साळसूद दिसते. लघवीत कीटोनची पट्टी बुडवली. गडद जांभळी झाली.

"सुभेदार, रक्तात आम्ल साठलंय. जिवाला धोका आहे. आत्ताच्या आत्ता सांगली, आयसीयू."

सलाईन लावून मीही ॲम्ब्युलन्समध्ये चढले. खरं तर सुभेदारांना चांगलं झापायचं होतं. पण ते काकूंचा हात धरून बसले होते. "म्हातारपणी दोघं धड ऱ्हावं म्हणून केलं वो मॅडम," म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

आयसीयूत काकूंना कीटोन थांबवायला इन्शुलिन दिलं आणि शुगर घसरू नये म्हणून साखरेचं सलाईनही. त्या वाचल्या. ती गोळी बंद केली, दुसरी सुरू झाली. काकू सावरल्यावर मी त्यांना रागावले, "काकू, या पथ्याचा एवढा त्रास होत होता, तर बोलला का नाहीत?"

"आवं, म्या भाकरी खाल्ली असती तर ह्यास्नी एकट्यालाच बिनभाकरीचं जेवाय लागलं असतं. मला बघवंना."

हल्ली शुगरचं कुणी आलं की मी आधी गोळ्या विचारते, मग जेवण विचारते. आणि हे पथ्य नेमकं कुणासाठी चाललंय, तेही विचारते.