भियाची चेष्टा

देवासमधल्या वाढदिवसांना मी सुपरहिरो व्हायचे. सोमवार ते शनिवार विम्याच्या ऑफिसातली खुर्ची आणि रविवारी लाल झगा, निळी केप, डोळ्यांवर पट्टी आणि छातीवर पिवळ्या सॅटिनचा हा एवढा मोठा ळ! दुसरं कुठलंही अक्षर लावलं असतं तर ते कुणा ना कुणाच्या मालकीचं निघालं असतं. ळ कुणाचाच नव्हता. हिंदीच्या वर्णमालेत तो नसतोच, त्यामुळे पोरं विचारायची, "आंटी, ये आठ सोया हुआ क्यों है?" मराठी घरातली पोरंही हेच विचारायची, तेव्हा मात्र माझं टाळकं फिरायचं. तिथल्या तिथे, केक कापायचा सोडून, मी त्यांच्याकडून 'बाळ, काळा, केळं' म्हणवून घ्यायचे.

सुपरहिरो आहे म्हटल्यावर राक्षस हवा. तो भिया व्हायचा. माळव्यात दिसेल त्याला भिया, म्हणजे भाऊ, म्हणतात, पण ह्याला दुसरं काही कुणी म्हणतच नव्हतं. मूळचा बागलीकडचा, घरी मालवी बोलणारा, पोटापाण्याला लग्नमंडपांत आणि देवळांत लाइटिंग करणारा. पुठ्ठ्याची शिंगं लावून तो घरात शिरला की बारकी पोरं पलंगाखाली आणि मोठी त्याच्या अंगावर. चेष्टा केल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. मंडपवाल्याला म्हणायचा, "सेठ, आज बिल नहीं दूँगा, सीधा तुम्हारी भैंस खोल के ले जाऊँगा." सेठ हसायचा. सगळेच हसायचे.

ह्या माणसाला एका वर्षाची शिक्षा झाली. चोरीच्या प्रयत्नाबद्दल.

झालं असं की धारला एक छोटं खासगी गणपतीचं देऊळ आहे. एके काळी दरबारात कारकुनी केलेल्या मराठी घराण्याचं. नवरा गेल्यापासून तिथली पूजाअर्चा एकट्या काकू बघतात. सगळी आळी त्यांना काकूच म्हणते. उत्सवाला भियाने तिथे लाइटिंग केलं. उत्सव संपल्यावर एका सकाळी देवळाचं कुलूप तुटलेलं सापडलं आणि मूर्तीवरचं चांदीचं छत्र वाकडं झालेलं. मूर्ती उचलता उचलता चोर घाबरून पळाला असावा. देवळाच्या पायरीशी भियाची पक्कड मिळाली. ती त्याचीच होती, काम करताना विसरला होता, पण हे ऐकणार कोण? त्यात काकूंनी पोलिसांत आणि मग कोर्टात सांगितलं की ह्याने मूर्ती न्यायचा प्रयत्न केला होता. निदान भिया तरी मला असंच सांगायचा. "दीदी, बुढ़िया बोली कि मैंने कोशिश करी थी. भगवान के सामने झूठ बोली! मैंने कुछ नहीं किया, म्हने कंई नी कर्यो."

अपील केलं होतं, त्याचा निकाल लागेपर्यंत शिक्षा थांबलेली होती आणि भिया जामिनावर बाहेर होता. पण बाहेर राहून करायचं काय? देवळांनी काम बंद केलं. वाढदिवसवाल्या आया मला फोनवर सांगायच्या, "दीदी, आप आ जाना. राक्षस मत लाना." भियाचं बोलणं आटलं. टेकरीखालच्या चहाच्या टपरीवर आम्ही बसायचो तर हा कप हातात धरून नुसता बघत राहायचा. अपील फेटाळलं की हा आत जाणार, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मला भयंकर राग यायचा आणि तो राग कुठे ठेवावा कळायचं नाही. मग मी तो सगळा त्या न बघितलेल्या काकूंवर काढायचे. म्हातारी खोटारडी, दुसरं काय!

भियाच्या वकीलसाहेबांनी बजावलं होतं, "उनसे मिलने कोई नहीं जाएगा. बोलेंगे गवाह पर दबाव डाला." बरोबरच होतं त्यांचं. पण एका रविवारी धारलाच एका ओळखीच्यांच्या नातवाचा वाढदिवस निघाला. मी एकटीच गेले, राक्षसाशिवाय. कुणाला मारायचं तेच कळेना, शेवटी फुगे फोडले. कार्यक्रम संपल्यावर कपडे बदलायला गेले तर झग्याची पाठीमागची चेन अडकलेली. यजमानीणबाईंनी ओढली, त्यांच्या सुनेने ओढली, ती काही जागची हलेना. मी तशीच रस्त्यावर आले आणि ऑटोवाल्याने विचारलं, "मैडम, उड़ के नहीं जाओगी?" तेव्हा माझ्या तोंडून बसस्टँडऐवजी त्या देवळाच्या आळीचं नाव गेलं. मी ते आधी ठरवलं नव्हतं. पण बोलले आणि अंगात अशी काही वीज संचारली की बस! सुपरहिरो म्हणून इतकी वर्षं फुगे फोडले, आता एकदा खरा तपास करूनच टाकू.

काकू देवळाच्या दारातच निरांजनं घासत बसल्या होत्या. काठाची साडी, चष्मा, बारीक अंबाडा. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं.

"अगोबाई! हे काय सोंग?" आणि मग त्यांची नजर छातीवर थांबली. "ळ! मराठी का तुम्ही? कुणांपैकी?"

कुणांपैकी हे विचारलं की संपलंच. मी माहेर सांगितलं, आजोळ सांगितलं, त्यांनी आजोळच्या एका मामेसासऱ्यापर्यंत धागा नेला आणि मला पाटावर बसवलं. मेणबत्तीचा तुकडा आणून माझ्या चेनीवर घासायला लागल्या. त्या पाठीमागे आणि मी पुढे, म्हणून मला बोलायचा धीर झाला. मी खरं तेच सांगून टाकलं. "काकू, तो लाइटवाला माझ्याबरोबर काम करतो. मी त्याच्यासाठी आले आहे."

पाठीवरचा हात थांबला. मला वाटलं, आता बाहेर काढतात.

"चेष्टेखोर मेला," काकू म्हणाल्या. आवाज रागाचा नव्हता. "इतका गुणी वाटला होता हो मला. रोज माझी चेष्टा करायचा. म्हणायचा, माताजी, आज तुम्हारे गणपती को उठा के ले जाऊँगा, मेरे घर लड्डू अच्छे बनते हैं. हसून हसून पुरेवाट व्हायची. असा माणूस कुलूप फोडेल असं वाटलंच नव्हतं. पण कोर्टाला काहीतरी सापडलं असेल ना. मी आपली होतं तेवढंच सांगितलं."

"काय सांगितलंत?"

"हेच, की चेष्टा करायचा."

"मराठीत?"

"मराठीत कशाला? कोर्टात हिंदीच बोलले. माझी हिंदी चांगली आहे." काकू जरा ताठ झाल्या असाव्यात, कारण चेन एकदम ओढली गेली. "त्यांनी विचारलं, क्या इसने मूर्ति ले जाने की चेष्टा की थी? मी म्हटलं, जी हाँ, रोज़ करता था. सबके सामने करता था."

मी उठले. म्हणजे उडालेच. चेन टर्रकन उघडली, केप निरांजनांत गेली आणि मी भर देवळात ओरडले, "काकू! हिंदीत चेष्टा म्हणजे प्रयत्न!"

"काहीतरीच काय."

"प्रयत्न हो, प्रयत्न! कोशिश!"

आता वाचणाऱ्याला वाटेल, जन्म माळव्यात काढलेल्या बाईला एवढं ठाऊक नसावं? पण बोलताना सगळे कोशिशच म्हणतात. चेष्टा हा हिंदीत पुस्तकी शब्द, तो पोलिसांच्या आणि कोर्टाच्या लिहिण्यात. आणि काकूंच्या घरात तो शब्द आजेसासूपासून मराठीतच नांदत होता. त्यांना आपली हिंदी चुकली हे मान्यच होईना. शेवटी त्यांनी रस्त्याने चाललेल्या दूधवाल्याला हाक मारली.

"क्यों रे, चेष्टा माने क्या?"

"कोशिश, माताजी. मास्टरजी बोलते थे ना, पढ़ने की चेष्टा करो."

दूधवाला गेला. काकू खाली बसल्या. गणपतीला हात जोडले. मग म्हणाल्या, "म्हणजे त्याला शिक्षा माझ्यामुळे झाली." त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि इतके दिवस त्यांच्या नावाने बोटं मोडणारी मी, पाठ उघडी टाकून त्यांच्या शेजारी बसून रडले. आणि खरं सांगते, रडतानासुद्धा मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं.

वकीलसाहेब आधी कडाडले. "आप गईं क्यों?" मग मी त्या शब्दाचा मराठी अर्थ सांगितला.  फोनवर एकदम तरुण झालेला आवाज, "फिर से बोलिए." त्यांनी अर्ज केला, साक्षीदाराला पुन्हा बोलवावं म्हणून, आणि तो मंजूरही झाला. पण आता त्यांनी जास्तच कडक ताकीद दिली. काकूंना कुणी भेटायचं नाही, फोन करायचा नाही, आणायला तर मुळीच जायचं नाही. त्या आपल्या पायांनी आल्या तरच त्यांच्या बोलण्याला किंमत.

सुनावणीच्या दिवशी भिया इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून कोर्टात आला होता. लग्नात घालतात तसा. मी त्याला म्हटलं, "भिया, टेंशन मत ले." तो फक्त दाराकडे बघत होता. काकूंच्या नावाचा पुकारा झाला. दार रिकामं.  शेजाऱ्यांनी अडवलं असेल? तब्येत बिघडली असेल? का ऐन वेळी लाज वाटली असेल, की साऱ्या गावादेखत आपली हिंदी चुकली म्हणून कसं सांगायचं? दुसरा पुकारा झाला आणि जिन्यावरून काकूंचा आवाज आला, "आ रही हूँ, आ रही हूँ, सीढ़ियाँ कितनी बनाई हैं!"

त्यांनी शपथ घेतली आणि सांगितलं की मराठीत चेष्टा म्हणजे मजाक आणि मी मजाकच सांगत होते. सरकारी वकील उठले. "यह बात आपको किसने सिखाई?"

"सुपरहीरो ने," काकू म्हणाल्या.

कोर्टात कुणीतरी फिसकन हसलं. 

"कौन?"

"लाल कपड़े में आई थी. पीछे चादर थी. छाती पर ळ था."

सरकारी वकिलांनी जजसाहेबांकडे असं पाहिलं, जणू ह्या बाईंचं वय झालंय. हातातोंडाशी आलेला घास जात होता! काकूंनी बोललेलं एकूण एक अक्षर खरं होतं आणि त्यामुळेच त्या वेड्या ठरत होत्या. मी बाकावरून अर्धी उठले, वकीलसाहेबांनी डोळ्यांनीच मला खाली बसवलं. पण काकूंनी ते पाहिलंच.

"वो देखिए, वहाँ बैठी है. आज साड़ी में है. उस दिन चेन अटक गई थी."

सगळं कोर्ट वळून माझ्याकडे बघायला लागलं. जजसाहेबांनी मला उभं केलं आणि विचारलं, हे खरं का. मी म्हटलं, "जी, सर. मैं बर्थडे में सुपरहीरो बनती हूँ." आयुष्यात इतकी लाज आणि इतका अभिमान मला एकदम कधी वाटला नव्हता. साहेबांनी रुमालाने तोंड पुसलं, जरा जास्तच वेळ. मग काकूंकडे वळून ते अगदी साध्या शब्दांत म्हणाले, "माताजी, शब्द छोड़िए. यह आदमी करता क्या था, वह बताइए."

आणि काकूंनी सांगितलं. तो काय बोलायचा, कोण कोण हसायचं, प्रसाद कसा मागून घ्यायचा. "मूर्ति को हाथ लगाया कभी?" "ना. गाभारे के अंदर पाँव भी नहीं रखता था. बोलता था, माताजी, मेरे हाथ में करंट है, भगवान को लग जाएगा." त्या बोलत होत्या आणि भिया मान खाली घालून उभा होता. त्याचे खांदे हलत होते. तो हसत नव्हता.

निकाल पुढच्या तारखेला लागला. निर्दोष. मी विम्याच्या ऑफिसात खुर्चीवर उभी राहून ओरडले आणि साहेबांनी केबिनमधून बाहेर येऊन काय झालं विचारलं, तर त्यांनाही मिठी मारायच्या बेतात होते.

उत्सव आला तेव्हा काकूंनी स्वतः निरोप धाडला, लाइटिंग तुलाच करायचंय. आम्ही दोघं गेलो. भिया त्यांच्या पाया पडला आणि हात जोडून म्हणाला, "माताजी, एक अर्ज है. मैं काम करूँ तब तक आप सामने बैठना. अब मैं किसी के यहाँ अकेला काम नहीं करता."

 काकूंनी खुर्ची आणवली आणि त्या गाभाऱ्यासमोर बसल्या. भिया शिडीवर चढला, मी खाली शिडी धरली. एक माळ लागली, दुसरी लागली. पक्कड दे, टेप दे, एवढंच. पूर्वी हाच माणूस एक माळ लावेपर्यंत अख्ख्या आळीला हसवायचा. काकू त्याच्याकडे बघत होत्या, चष्मा पुसत होत्या, पुन्हा बघत होत्या. शेवटी त्यांना ते सहन होईना.

"ए लाइटवाले," त्या एकदम मोठ्याने म्हणाल्या, "जल्दी कर, नहीं तो सीढ़ी खींच लूँगी. लटकता रह जाएगा चतुर्थी तक!"

भियाचा हात वरच थांबला. त्याने खाली पाहिलं, आधी काकूंकडे, मग माझ्याकडे.

"माताजी," तो अगदी गंभीरपणे म्हणाला, "ये हिंदी वाली चेष्टा है कि मराठी वाली?"

काकू हसल्या, हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि वर भिया, किती तरी महिन्यांनी, आपल्या जुन्या राक्षसी गळ्याने असा हसायला लागला की शिडी गदागदा हलायला लागली. मी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, पण हसू मलाही आवरत नव्हतं.