ओढ्यापलीकडचा बाप

आजोबांच्या देखत वडिलांनी मला कधी उचलून घेतलं नाही. आमच्या डिंगोऱ्यात थोरांसमोर स्वतःचं मूल कडेवर घेणारा बाप निर्लज्ज ठरे. पोरानं रडून घर डोक्यावर घेतलं तरी बापानं दुसरीकडे बघायचं. चुलते मला खुशाल घेत, कारण मी त्यांचा नव्हतो. असल्या रीतीचा मला अजून संताप येतो.

ओतूरच्या बाजाराला मात्र वडील मला सोबत नेत. गावाबाहेरचा ओढा ओलांडला की एकदा मागे वळून बघत आणि मला खांद्यावर बसवत. मी त्यांचं मुंडासं धरून बसे. परतताना ओढ्याशी आलो की ते मला खाली उतरवत. तिथून घरापर्यंत मला त्यांची फक्त पाठ दिसे.

मुलाला बापाचा लळा कसा लागतो, यावर हल्ली संशोधन होतं म्हणे. त्या संशोधकांनी आमच्या ओढ्याशी येऊन बसायला हवं होतं.

पुढे आजोबा वारले. त्यानंतरच्या पहिल्याच बाजाराहून येताना ओढा दिसला, तसं मी मुंडासं घट्ट धरलं.

"दादा, आता घरापातुर न्या की. आजोबा न्हाईत."

वडील थांबले. त्यांनी माझे पाय छातीशी दाबून धरले. मग मला खाली ठेवलं आणि पुढे चालू लागले.

ओसरीवर आजोबांची रिकामी बाज होती. तिच्यासमोरून जाताना वडिलांनी मान खाली घातली. मी मागून, एकटाच चालत आलो.